झंझावाताची प्रमाणित आठवण

"जो समाज आपल्या बालपणीच्या वीरांना विसरतो, त्याला काळ कधीही क्षमा करत नाही," असं सांस्कृतिक खात्याच्या सचिवांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं आणि वीराचं नाव काय, हे शेजारच्या शिपायाला हळूच विचारलं.

"झंझावात, साहेब. दर रविवारी टीव्हीवर यायचा. निळा झगा, चंदेरी मुखवटा."

झंझावाताचा सत्कार ठरला. सभागृहात जागा मोजक्या, चाहते उदंड. म्हणून खात्याने स्मृती-पडताळणी कक्ष उघडला. झंझावाताला लहानपणी जो प्रत्यक्ष भेटला असेल, त्यालाच प्रवेशपत्र.

घड्याळजी दुकानाला कुलूप घालून खिडकी क्रमांक चारसमोर उभा राहिला. आयुष्यात मिरवण्यासारखी त्याच्याकडे ही एकच आठवण होती. बायकोने ती इतक्यांदा ऐकली होती, की मध्येच त्याला ठसका लागला तर पुढचं वाक्य तीच म्हणून टाकायची.

"सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मी नऊ वर्षांचा. स्टुडिओच्या मागच्या दारी झंझावात पालथ्या बादलीवर बसलेला. पाठीवरची चेन अडकली होती. म्हणाला, 'बाळा, एवढी ओढ बघू, माझा हात पोचत नाही.' मी ओढली. म्हणाला, 'वाचवलंस रे!'"

बाईंनी चष्मा काढला. "काका, आजवर एकेचाळीस हजार तीनशे बारा आठवणी आल्या. सगळ्यांच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि 'खूप अभ्यास कर' म्हणाले. तुमचंच काय असं जगावेगळं?"

"पण खरंच तसं झालं हो."

"झालं असेल. झाल्याबद्दल खात्याची हरकत नाही. आठवण नमुन्यात बसत नाही. शिवाय नियम सातप्रमाणे वाचवण्याचं काम वीराने करायचं असतं, चाहत्याने नाही."

मागून कोणीतरी खाकरलं. कापडी पिशवी घेतलेला, पाठीत वाकलेला एक म्हातारा पुढे आला.

"बाई, यांचं बरोबर आहे. ती मेली चेन दर रविवारी अडकायची. आणि डोक्यावर हात मी कोणाच्याच ठेवला नाही. हातमोज्यांचा रंग केसांना लागायचा, मग आया भांडायला यायच्या."

घड्याळजी गर्रकन मागे वळला.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"झंझावात."

"झंझावाताला लहानपणी भेटला होतात?"

"अहो, मीच तो!"

"म्हणजे भेटला नाहीत." बाईंनी रकान्यात फुली मारली. "मग साक्ष कशी देता? प्रवेशपत्रही मिळायचं नाही."

"पण सत्कार माझा आहे!"

"म्हणूनच तर एवढी गर्दी. खोळंबा करू नका."

म्हातारा पिशवी सावरत वळला. "राहू दे. घरी बायकोला सांगेन, झाला सत्कार. ती काही पुरावा मागत नाही."

बाई मनाने वाईट नव्हत्या. "एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "प्रमाणित आठवणीवर एका ज्येष्ठ नागरिकाला सोबत नेता येतं. काका, आठवण दुरुस्त करून सही करा. दोघंही जाल."

त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला. 'त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.'

"नको करूस रे," म्हातारा हळूच म्हणाला. "माझ्याबद्दलचं तेवढंच एक खरं उरलंय."

घड्याळजीने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि सही ठोकली. जुन्या आठवणीवर बाईंनी 'रद्द'चा शिक्का उमटवला आणि 'पुढचे' म्हणून हाक मारली.

जागा मिळाली ती अडतिसाव्या रांगेत. पडदा उघडला. मंचावर सहा फुटी, पिळदार दंडांचा, तिशीतला झंझावात उभा होता. बहुसंख्य आठवणींशी तंतोतंत जुळतो म्हणून खात्याने रीतसर निविदा काढून निवडलेला. तो एकेकाला वर बोलावून डोक्यावर हात ठेवत होता, अभ्यासाचं सांगत होता. पन्नाशीची माणसं हमसून हमसून रडत होती.

म्हाताऱ्यालाही राहवेना. तो उठून टाळ्या वाजवू लागला. "किती छान दिसतोय मी!"

घड्याळजीही उठला. सही गेली खड्ड्यात, आता ओरडून सांगायचंच. "अहो, इकडे बघा! खरा झंझावात हा इथे..."

मागच्या रांगेत आपण सगळेच होतो. नाही म्हणू नका. आपल्याही आठवणीवर खात्याचा शिक्का आहे. आपल्यापैकीच कोणीतरी पुढे वाकून म्हाताऱ्याच्या खांद्यावर अदबीने बोट टेकवलं.

"आजोबा, जरा खाली बसता का? झंझावात दिसत नाहीये."