परदेशी भाजीची कुंडी

झाडं लावण्यात अवघड काही नसतं, असं माझं ठाम मत होतं. आमच्या प्रभादेवीच्या इमारतीतल्या शंतनुला जमतं, तर मला का जमू नये?

शंतनु शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटाच राहतो. त्याच्या गॅलरीत मोगऱ्यापासून मिरचीपर्यंत सगळं फुलतं. माझी बायको कालिंदी सकाळचा चहा तिकडे बघतच पिते. "किती हौस आहे नाही या माणसाला," हे वर मला ऐकवते. तो तिला 'वहिनी' म्हणतो आणि मला 'काका'. आमच्या वयात जेमतेम नऊ वर्षांचं अंतर!

मी तडक भायखळ्याहून गुलाब आणला. पंधरा दिवसांत गुलाबाची काटकी झाली. मग त्याच मातीतून भलतंच रोप वर आलं. महिन्याभरात ते गुडघ्याएवढं झालं. कातरलेली पानं, वर पिवळी फुलं.

"हे काय हो?" कालिंदीने विचारलं.

"रॉकेट. मोठ्या हॉटेलांत सॅलडमध्ये घालतात. मुद्दाम बी मागवलं."

हे नाव मी त्याच सकाळी मोबाइलवर वाचलं होतं. पण कालिंदीने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की खरं सांगायची इच्छाच मेली.

"शंतनुला जेवायला बोलवू या?" ती म्हणाली.

"बोलव की," मी म्हणालो. त्याची जिरलेली मला बघायचीच होती.

रविवारी कालिंदीने त्या पानांची लसूण घालून भाजी केली. शंतनुने एक घास खाल्ला, उठून गॅलरीत गेला आणि कुंडी बघून आला.

"काका, ही रानमोहरी आहे. तण. माझ्या कुंड्यांत सारखी उगवते, मी उपटून फेकतो."

कालिंदीने माझ्याकडे पाहिलं. "बी मागवलं होतं ना?"

"फसवलं त्यांनी," मी आमटीत बघत म्हणालो. "टाकून दे ती भाजी."

"टाकायची कशाला? काय झणझणीत लागतेय!" तिने तिसऱ्यांदा वाढून घेतली आणि शंतनुकडे वळली. "तुम्ही फेकता ती आम्हाला देत जा ना."

तेव्हापासून दर दोन दिवसांनी सकाळी साडेसातला तो जुडी घेऊन हजर. मग चहा. मग खतांवर चर्चा. काल मी आंघोळ करून बाहेर आलो, तर माझ्याच खुर्चीत बसलेला शंतनु शेजारचं स्टूल पुढे सरकवत मला म्हणाला, "या काका, बसा. चहा घेणार?"