मधली वायर

गाडीत करंट आहे की नाही, हे वलवणचे आमचे शेजारी दगडूअण्णा बोटाने बघतात. टेस्टर त्यांच्याकडे एक सोडून तीन आहेत, पण एकावरही विश्वास नाही. प्लगची वायर उपसायची, टोकाला तर्जनी लावायची आणि आतल्या माणसाला सांगायचं, "मार किल्ली." झटका बसला की गाडी ठीक. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या हातातून भाजीची पिशवी गळून पडली होती.

आतला माणूस म्हणजे त्यांची बायको, शांताकाकू. ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसून, डोक्यावरचा पदर सारखा करून त्या किल्ली फिरवतात. नवऱ्याला झटका द्यायचं काम इतक्या शांतपणे करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

अण्णांचा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला. आता वय अठ्ठ्याहत्तर. क्रीम रंगाची, गोल दिव्यांची त्यांची गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे. तिच्याजवळ जाताना चपला काढाव्या लागतात. भक्ती म्हणून नव्हे. "चपला घालून करंट बघायचा म्हंजे चष्मा काढून पेपर वाचायचा," असं अण्णा म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे धोक्याचं आहे, असं मी त्यांना समजावलं. त्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिकवा. मी बघतो."

गेल्या चैत्रापासून ती गाडी चालू होत नव्हती. इंजिन गरागरा फिरायचं, पण पेटायचं नाही. प्लगला ठिणगीच नव्हती. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं आणि शोध सुरू व्हायचा. अण्णांनी प्लग बदलले, कॉइल बदलली. लोणावळ्याहून एक मेकॅनिक आपणहून आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. मला तो त्यांचा हट्ट वाटला.

एका रविवारी अण्णांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. गवत कापताना विळा लागला होता. मग धरायची पाळी माझ्यावर आली. कडेच्या चारांतली कुठलीही वायर धरा, मधलीला हात लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी अनवाणी, खाली ओली फरशी. घाबरून मी नेमकी मधलीच उपसली.

काकूंनी किल्ली मारली.

पुढचं आठवतं ते असं की मी जास्वंदीत बसलो होतो आणि उजवा हात कोपरापर्यंत माझा नव्हता. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मधल्या वायरीला एवढा करंट आहे म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. तो करंट ही वायर जिथे शिरते त्या काळ्या टोपीपर्यंत येतो आणि तिथून पुढे प्लगना जात नाही. मी उठलो आणि टोपीच्या दोन्ही क्लिपा काढून ती उचलली. आत चारी प्लगना करंट वाटून देणारा, अंगठ्याएवढा रोटर असतो. तो नव्हता. आपोआप पडायची ती वस्तू नव्हे. कुणीतरी काढल्याशिवाय निघत नाही.

"अण्णा, रोटर चोरलाय कुणीतरी," मी म्हणालो.

अण्णा दचकले नाहीत. त्यांनी उघड्या बॉनेटकडे पाहिलं. त्याच्या पलीकडे काकू बसल्या होत्या.

"हळू बोला. हिनंच काढलाय. शेवयांच्या डब्यात हाय. तो डबा फळीवरनं मीच काढून देतो, तिचा हात पोचत न्हाई."

विजेच्या झटक्याने झालं नव्हतं तेवढं डोकं आता सुन्न झालं.

मग ते कुजबुजत सांगू लागले. चैत्रात दोघं पवनानगरला निघाले होते. वाटेत अण्णांनी म्हशीला माणूस समजून हॉर्न दिला आणि पुढे एका माणसाला खांब समजले. तो खांब बाजूला झाला म्हणून वाचला. हे सांगताना ते हसले नाहीत. काकू शेजारीच होत्या. घरी येईपर्यंत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गाडी बंद. कुठला तुकडा काढायचा हे त्यांना अण्णांनीच कधीकाळी हौसेनं शिकवलं होतं.

"मग विचारत का नाही त्यांना?"

"इचारलं तर तिला माज्या तोंडावर म्हनावं लागंल, तुमाला दिसत न्हाई. लय जड जाईल तिला. त्यापरीस गाडीच बिघडल्याली बरी. आन् शोधायचं सोडलं, तर मला कळलंय हे तिला कळंल."

त्यांनी चाचपत टोपी बसवली, क्लिपा दाबल्या, मधली वायर जागेवर घातली आणि मोठ्यानं म्हणाले, "मार किल्ली." इंजिन गरागरा फिरलं आणि थांबलं.

थोड्या वेळानं काकू चहा घेऊन आल्या. काही सापडलं का, असं त्यांनी मला विचारलं. मी वर्गातल्या आवाजात म्हणालो की जुन्या गाड्यांचं असंच असतं, सुटे भाग मिळत नाहीत, बराच काळ लागेल.

त्यांचा चेहरा सैलावला. "सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अण्णांचा कप उचलला, त्याचा कान त्यांच्याकडे वळवला आणि त्यांच्या बोटांना तो सापडेपर्यंत तसाच धरून ठेवला.