मल्लव्वाच्या मापाचं घनफळ

सोमवारपर्यंत घरातल्या पाच वस्तूंचं घनफळ काढून आणायचं, असं सरांनी सांगितल्यापासून बुद्धप्रियाच्या हातात फूटपट्टी आली आणि घरातल्या एकाही भांड्याला चैन पडेना. दहावीच्या भूमितीत या धड्याला 'महत्त्वमापन' म्हणतात. तिच्या आईला, राजश्रीला, आधी वाटलं की घरात कोणाला किती महत्त्व आहे ते मोजायचं असणार. त्यात आपला नंबर कितवा लागेल हे तिला माहीत होतं, म्हणून तिने जास्त चौकशी केली नाही. राजश्री एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि तिला आठ वाजता ड्युटीवर पोचायचं होतं.

गुरुवारी सकाळी मल्लव्वा दूध घेऊन आली. मल्लव्वा मंद्रूप गावाहून वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये किटली घेऊन बसायची आणि सातच्या ठोक्याला जुळे सोलापुरातल्या 'सोनचाफा अपार्टमेंट'च्या दारात हजर व्हायची. गेली अकरा वर्षं बारापैकी नऊ घरांत तिचंच दूध होतं. तिची माहेरची भाषा कानडी, त्यामुळे बुद्धप्रिया हे लांबलचक नाव तिने पहिल्याच दिवशी 'बुद्धव्वा' असं आटोपशीर करून टाकलं होतं. म्हैस व्याली की पहिला चीक बुद्धव्वाला. त्यावर बाकीच्या आठ घरांचा डोळा होता, पण मल्लव्वा तिकडे बघत नसे.

त्या दिवशी ती राजश्रीकडे चहाला टेकली, तेव्हा किटलीच्या काठाला अडकवलेलं अर्ध्या लिटरचं माप बुद्धप्रियाला दिसलं. लांब दांड्याचं, सरळ उभं, एकदम पुस्तकातली वृत्तचिती. तिने ते मागितलं, मल्लव्वाने दिलं, आणि चहा संपायच्या आत मोजणी झालीसुद्धा. मापात कडेला पट्टी उभी केली तर उंची साडेनऊ सेंटिमीटर. तोंडावर पट्टी आडवी ठेवली तर व्यास साडेसात.

संध्याकाळी तिने गणित केलं. उत्तर आलं चारशे वीस. अर्ध्या लिटरच्या मापाचं उत्तर पाचशे यायला हवं होतं. तिने पुन्हा केलं, पुन्हा चारशे वीस. आई ड्युटीवर, बाबा कामानिमित्त लातूरला. मग ती वही घेऊन समोरच्या फ्लॅटमध्ये कमलाकरकाकांकडे गेली, आणि तिचं चुकलं ते इथेच.

कमलाकरकाका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि आता अपार्टमेंटचे सेक्रेटरी होते. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना दोन दिवस जेवण चांगलं जायचं. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळा गुणाकार स्वतः करून पाहिला.

"गुणाकार बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "चूक तुझी नाही. चूक त्या बाईची आहे."

"काका, माझंच कुठंतरी चुकलं असेल की."

"गणित खोटं बोलत नाही. मालती, इकडे ये. आपण अकरा वर्षं कमी दूध पितोय."

मालतीकाकू पोळ्या लाटायच्या सोडून आल्या. आपली साय पातळ का येते, दही का लागत नाही आणि गेल्या दिवाळीत बासुंदी का फसली, या सगळ्याचा उलगडा त्यांना त्या एका आकड्यात झाला. काकांनी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि बुद्धप्रिया जिना ओलांडून घरी पोचायच्या आत तो अपार्टमेंटच्या ग्रुपवर पडलासुद्धा. पानावर वर तिचं नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांक व्यवस्थित लिहिलेला होता.

शुक्रवारी सकाळी तीन घरांनी मल्लव्वाला दार उघडलं नाही. पिशवीचं दूध आणून ठेवलं होतं. मल्लव्वाला वाटलं, माणसं गावाला गेली असतील. "लगीनसराई हाय," ती राजश्रीला म्हणाली आणि उरलेलं दूध घेऊन जिना उतरली. बुद्धप्रिया दाराआड उभी होती. त्या दिवशी तिने दुधाचा पेला तसाच ठेवला.

राजश्रीला मात्र तो आकडा पटला नव्हता. ज्या सव्वा लिटरच्या पातेल्यात ती रोज दूध तापवायची ते दोन मापांत गळ्यापर्यंत भरतं, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. पण ग्रुपवर तिचं कोण ऐकणार. तिथे काकांनी एव्हाना हिशेब मांडला होता: लिटरमागे एकशे साठ मिलिलिटर, रोज एक लिटर, अकरा वर्षं, म्हणजे एका घरामागे सहाशे बेचाळीस लिटर दूध गायब. खाली एकाने लिहिलं की गच्चीवरची काळी टाकी एवढ्या दुधाने भरली असती. त्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. एवढं सगळं झाल्यावर काकांनी तीन परिच्छेदांची नोटीस टाइप करून जिन्याखालच्या फलकावर लावली. रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये मल्लव्वाने खुलासा करावा, फरकाचं दूध परत करावं, अन्यथा आसपासच्या सर्व अपार्टमेंटना कळवण्यात येईल. सोबत पुरावा म्हणून बुद्धप्रियाच्या पानाची झेरॉक्स.

ते इतर अपार्टमेंटना कळवण्याचं वाक्य वाईट होतं. मल्लव्वाची सगळी गिऱ्हाइकं याच चार गल्ल्यांत होती. तिथे बोभाटा झाला असता तर मंद्रूपहून किटली घेऊन यायचं कारणच उरलं नसतं, आणि हे सगळं एका पोरीच्या गृहपाठावरून. बुद्धप्रियाला रडू येत होतं आणि रडायला वेळही नव्हता, कारण चार वस्तू अजून मोजायच्या राहिल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी तिने कुकर घेतला. पाच लिटरचा, तसं त्याच्या बुडावर कोरलेलंच होतं. उत्तर आलं चार लिटर सहाशे एकतीस मिलिलिटर. मग तेलाचा एक लिटरचा डबा घेतला, तोही कमी. साखरेचा डबा, पिण्याच्या पाण्याचं पिंप, ज्याला हात लावावा तो कमी भरत होता. घरात एकही प्रामाणिक वस्तू शिल्लक राहिली नाही. तेव्हा कुठे तिने फूटपट्टीकडे नीट पाहिलं. पट्टीचं टोक आणि शून्याची रेघ यांच्यामध्ये अर्धा सेंटिमीटर कोरी जागा होती. ती टोकापासून मोजत आली होती.

ती पळतच काकांकडे गेली. उंची साडेनऊ नाही, दहा आहे. व्यास साडेसात नाही, आठ आहे. उत्तर चारशे वीस नाही, पाचशे तीन आहे. मल्लव्वाचं माप बरोबर आहे. कुकरसुद्धा असाच कमी येत होता, असं तिने एका दमात सांगितलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कुकरसुद्धा कमी?" ते म्हणाले. "कंपनीचं नाव सांग. त्यांनाही लिहू."

"काका, पट्टी चुकली, कुकर नाही."

"तुला कोणी दम दिलाय का? आईने? त्या बाईने? घाबरू नकोस. नोटीस निघालेली आहे, आता ती मागे घेता येत नाही."

हेडक्लार्क माणूस. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत निघालेली नोटीस कधी मागे गेली नव्हती. रात्री राजश्री घरी आल्यावर बुद्धप्रियाने तिला सगळं सांगितलं. राजश्रीने पट्टी हातात घेतली, टोकाची कोरी जागा पाहिली, लेकीकडे पाहिलं आणि तिला आधी जेवायला वाढलं. मग पर्समधून एक नवी, पाकीटबंद सिरिंज काढून टेबलावर ठेवली. पन्नास मिलिलिटरची.

"उद्या बोलायचं न्हाई, मोजायचं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये एवढी गर्दी होती की दोन स्कूटी बाहेर लावाव्या लागल्या. मल्लव्वा वडापमधून उतरली आणि एवढी माणसं बघून तिला आधी कोणीतरी गेलं की काय असं वाटलं. काकांनी नोटीस वाचून दाखवली. त्यातला निम्मा मजकूर मल्लव्वाला कळला नाही, पण चारशे वीस हा आकडा कळला आणि 'फसवणूक' हा शब्दही कळला. ती किटली खाली ठेवून पायरीवर बसली. तिने आवाज चढवला नाही, शपथाही घेतल्या नाहीत.

बुद्धप्रिया गर्दीतून पुढे आली. तिचे कान लाल झाले होते.

"मल्लव्वा, ते मी मोजलं होतं. माझी पट्टी चुकली. मी काकांना सांगितलं, पण उशीर झाला होता."

मल्लव्वाने तिच्याकडे पाहिलं. "तू मोजलीस व्हय?" ती म्हणाली. "मग आता सगळ्यांदेखत पुन्ना मोज की. मला बी कळू दे."

राजश्रीने सिरिंजचं पाकीट फोडलं. मल्लव्वाने माप काठोकाठ भरून दोन्ही हातांनी धरलं. सिरिंजने दूध ओढायचं आणि मालतीकाकूंच्या पातेल्यात सोडायचं, असं चाललं. काका मोठ्याने मोजत होते. त्यांच्या गणिताप्रमाणे आठ सिरिंज भरल्यावर मापाच्या तळाशी घोटभर दूध उरायला हवं होतं. आठ म्हणताना त्यांचा आवाज अगदी खणखणीत होता. पण नववी सिरिंज पूर्ण भरली. दहावी भरली, तेव्हा काकांनी मोजायचं सोडलं आणि जमलेली माणसं मोजू लागली. पाचशे झाले. बुद्धप्रियाने इतका मोठा सुस्कारा सोडला की पहिल्या मजल्यावरच्या बाईने खाली वाकून पाहिलं.

"आई, अजून आहे," ती मग म्हणाली.

मापात अजून दूध होतं. राजश्रीने अकरावी सिरिंज लावली. ती चाळीसच्या रेघेपर्यंत आली, तेव्हा माप रिकामं झालं. पाचशे चाळीस.

कोणालाच काही कळेना. बुद्धप्रियाने ते माप हातात घेऊन फरशीवर उभं करायला ठेवलं, आणि ते उभं न राहता डुलायला लागलं. एरवी ते कायम किटलीला अडकवलेलं असायचं, त्यामुळे त्याचं बूड कोणी पाहिलंच नव्हतं. बूड चांगलं दीड सेंटिमीटर बाहेर फुगलेलं होतं. तिने कडेला पट्टी उभी केल्यामुळे मधला तो फुगवटा तिच्या गणितात आलाच नव्हता.

"माज्या नवऱ्याचं काम हाय ते," मल्लव्वा म्हणाली. "जीपमधनं पडून बुडाला पोचा आला व्हता, आत गेलं व्हतं. गिऱ्हाइकाला कमी जाईल म्हणला आन् आतनं वरवंट्यानं ठोकला. जरा जादाच ठोकला वाटतं." आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "त्येचा हात जडच व्हता. हितं दूध घालाया लागायच्या आदीचं हाय हे. त्याला जाऊन आता सात वर्सं झाली."

कमलाकरकाका नोटिशीची घडी घालत होते. कोपऱ्यातल्या कोणीतरी मोबाइलवर हिशेब केला आणि मोठ्याने सांगितलं, लिटरमागे ऐंशी मिलिलिटर जादा, म्हणजे घरामागे तीनशे एकवीस लिटर दूध मल्लव्वाचंच येणं निघतं. नोटिशीत तर फरकाचं दूध परत करावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. काकांकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं.

"एवढं दूध घिऊन मी काय करू," मल्लव्वा म्हणाली. "पिलासा, बरं झालं. पण आता मला कळलंय, तवा उद्यापास्नं नवं माप. बरोबर अर्दा लिटर. कुनाचं जादा न्हाय, कुनाचं कमी न्हाय."

ती उठली, बुद्धप्रियाच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "बुद्धव्वा, शिक्. पट्टी तेवढी बगून घे." बुद्धप्रियाला तीन दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली. तिने घरी जाऊन चार पोळ्या खाल्ल्या आणि मापाचं गणित नव्याने लिहिलं: वृत्तचिती पाचशे तीन, फुगवटा सदतीस, एकूण पाचशे चाळीस. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

सोमवारपासून सरकारी शिक्क्याचं नवं कोरं माप आलं. पहिले दोन दिवस सगळ्या अपार्टमेंटचं तोंड वाकडं. अकरा वर्षांच्या सवयीच्या पातेल्यात दूध गळ्याच्या खालीच राहत होतं. बोलायची मात्र सोय नव्हती, कारण माप बरोबर असावं ही मागणी त्यांचीच होती. मल्लव्वाला ती तोंडं दिसत होती. तिसऱ्या दिवशी तिने माप ओतलं आणि मग किटलीतून चमचाभर दुधाची धार पातेल्यात वर सोडली. इतर दूधवाले अशी धार रोज सोडतात. मल्लव्वाने ती आजवर कधी सोडली नव्हती, कारण वर घातलं की गिऱ्हाइकाला माप कमी असल्याचा संशय येतो, असं तिचा नवरा म्हणायचा.

सोनचाफात आनंदीआनंद झाला. कमलाकरकाकांनी ग्रुपवर लिहिलं की सेक्रेटरींनी वेळीच लक्ष घातल्यामुळे आता प्रत्येक मापावर वरचं दूध मिळू लागलं आहे. पहिला अंगठा त्यांचाच होता. बुद्धप्रियाने मनातल्या मनात बेरीज केली. पाचशे आणि वरचे फार तर दहा. ती तोंड उघडणार, तेवढ्यात राजश्रीने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि नुसती नकाराची मान हलवली.

समोरच्या दारात मालतीकाकू पातेलं घेऊन उभ्या होत्या. पांढरी धार पडताना त्या अगदी डोळे भरून बघत होत्या.

"बघ मल्लव्वा," त्या म्हणाल्या, "आता कसं हात सैल सोडून घालतेस. इतकी वर्षं फार आखडून द्यायचीस बाई."

मल्लव्वाने किटलीचं झाकण लावलं.

"व्हय बाई," ती म्हणाली. "तवा मापच कळत नव्हतं की मला."