टकमक मगरींच्या देशात जाते

बाळांनो, मोबाइल खाली ठेवा आणि ऐका.

एका जंगलात एक सुगरण पक्षीण होती. ती गवताच्या बाहुल्या विणायची. त्यांतली सगळ्यांची लाडकी बाहुली म्हणजे टकमक नावाची ससुली. टकमक रोज टीव्हीवर यायची, कान हलवायची, सुगरणीच्या आवाजात गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "पाण्यापाशी थांबा. ओंडक्याला डोळे आहेत का, बघा. मगच पाणी प्या!"

"बघू! बघू!" पिल्लं ओरडायची. आणि खरोखरच बघायची. त्या जंगलात पिल्लं नाहीशी व्हायची थांबली.

टीव्हीच्या वाहिनीचा प्रमुख एक मोर होता. त्याला वाटलं, हा कार्यक्रम देशोदेशी न्यावा. कल्पना चांगली होती. सुगरणीलाही आवडली. माकडांच्या देशासाठी तिने टकमकची शाळा झाडावर भरवली. उंटांच्या देशासाठी चिखलातला खेळ वाळूत नेला. तिची काही तक्रार नव्हती.

मग मगरींच्या देशाचं बोलावणं आलं.

त्या देशात हरणं होती, मगरी होत्या आणि मधून एक नदी होती. टीव्ही बघायची ती हरणांची पाडसं. पण वाहिनीचा नियम असा, की तिथल्या जाणत्या मंडळींना विचारल्याशिवाय एक शब्दही दाखवायचा नाही. नियमाप्रमाणे सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष मगरआजोबा. बैठक नदीच्या मधोमध. मोर आणि सुगरण वर लोंबणाऱ्या फांदीवर बसले. निमंत्रण हरणांनाही गेलं होतं. एकही हरीण आलं नाही. इतिवृत्तात नोंद झाली, 'हरणांना मुलांच्या शिक्षणात रस नाही.'

समितीने काम फार मन लावून केलं, हे मान्य करायला हवं. ससुली इथल्या मुलांना आपली वाटणार नाही, म्हणून टकमकचं पाडस केलं. डाव्या कुशीवर दोन ठिपके कमी पडले, तर सगळी बाहुली उसवून पुन्हा विणायला लावली. गवत इथलंच हवं. बोलण्याचा हेलही इथलाच हवा. सुगरणीने सगळं केलं.

मग ओंडक्याची पाळी आली.

"हे वाक्य जरा खटकतं," मगरआजोबा म्हणाले. "आमच्याकडे ओंडक्यांविषयी असं बोलत नाहीत."

"पण आजोबा, ते ओंडके नसतातच!"

"बघा. कालची आलेली ही, आम्हाला आमचे ओंडके शिकवते."

मोराने घाईघाईने पिसारा मिटला. "सुगरणताई, विषय नाजूक आहे. आपण इथे पाहुणे आहोत."

"साहेब, एवढं एक वाक्य राहू द्या. बाकी सगळं बदललं ना मी?"

"एका वाक्यासाठी अख्खा देश दुखवायचा?"

इतक्यात काठावरून एक हरिणी ओरडली. तिचं इवली नावाचं पाडस तिच्या पायाला बिलगून उभं होतं.

"अहो मोरसाहेब! ते ओंडक्याचं काढू नका हो! माझी थोरली गेली त्यात!"

"बाई, असं काठावरून ओरडू नका. समितीपुढे येऊन म्हणणं मांडा."

"समिती पाण्यात आहे ना!"

"मग पाण्यात या."

"या, या," मगरआजोबा म्हणाले. "आम्ही कुणालाच अडवत नाही."

हरिणी आली नाही. ठराव एकमताने झाला. टकमकचं नवं वाक्य ठरलं, "ओंडका आपला दोस्त! धावत या, मिठी मारा!"

सुगरणीने ते म्हणायला साफ नकार दिला. मोराने ठिपक्यांची टकमक तिच्याकडून काढून एका मैनेला दिली. मैनेला टकमकचा आवाज हुबेहूब जमला.

सुगरण स्वस्थ बसली नाही. तिने नवी बाहुली विणली, पहिल्यासारखीच, लांब कानांची. ती बाहुली चोचीत धरून सुगरण हरणांच्या कुरणात गेली आणि झुडपावर बसून खेळ दाखवू लागली.

"ओंडक्याला डोळे आहेत का, बघा!"

इवली हसली. "ए आजी, ही टकमक खोटी आहे. खऱ्या टकमकला ठिपके असतात. ती आमच्यातली आहे."

"इवले, ऐक गं तिचं," आई म्हणाली.

"तुला काही कळत नाही, आई. टीव्हीवर दाखवलंय!"

आणि इवली नदीकडे धावत सुटली. आई मागोमाग धावली. ती काठावर पोचली, तेव्हा पाणी गढूळ होतं आणि ओंडका जागेवर नव्हता.

महिन्याभरात मोराकडे अहवाल आला. मगरींच्या देशात कार्यक्रम बघणारी मुलं भराभर कमी होत होती. मोर काळजीत पडला. तो पुन्हा फांदीवर येऊन बसला.

"आजोबा, आमचं काही चुकलं का? मुलांना आवडत नाही का?"

"छे, छे! आवडतो म्हणजे काय! आम्ही तर एकही भाग चुकवत नाही," मगरआजोबा दात कोरत म्हणाले. "फक्त कार्यक्रम अजून थोडा घरगुती करा. मुलांबरोबर आयांनाही बोलवा."

मोराने लिहून घेतलं.

तात्पर्य : मुलांचा कार्यक्रम करताना त्यांच्या आयांना कधीही विचारू नये. आई फक्त आपल्या लेकराचा विचार करते. समितीला सगळ्यांच्या जेवणाचा विचार करावा लागतो.