बोरसे आबा आणि सशाचं गळू

आमच्या शेजारचे बोरसे आबा नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचे दात बघतात.

आम्ही जळगावात या कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि फाटकापाशी एक उंच, वाळकेसे गृहस्थ हात मागे बांधून उभे होते. शेजारधर्म म्हणून मी हसले. ते किंचित वाकले, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जुळलेल्या आहात. चाळिशीच्या आत." मग माझ्या नवऱ्याकडे वळले. "हे जरा पुढे गेलेत. सुपारी खातात." एवढं बोलून निघून गेले. आपला अपमान झाला की स्वागत, हे मला कळलं नाही. पुढचे आठ दिवस मी त्यांना बघितलं की ओठ मिटून मान हलवायची.

नंतर उलगडा झाला. आबा सरकारी गुरांचे डॉक्टर होते. चोपडा, अमळनेर, शिरपूर असं सगळं फिरून निवृत्त झालेले. बैलाचं वय दातांवरून ठरवतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळला. सारा जन्म बैलबाजारात जनावरांचे जबडे उघडण्यात गेल्यावर माणूस समोर आला तरी डोळे तिथेच जातात, त्याला ते काय करणार. एकदा निवडणुकीला उभे असलेले एक गृहस्थ हात जोडून, तोंडभर हसत आमच्या गल्लीत आले. आबा सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, "वरचे चार बसवलेले आहेत. काम चांगलं आहे." उमेदवार पुढच्या घरी मिटल्या तोंडाने गेले.

आबांचा ठरलेला शब्द म्हणजे 'निदान पक्कं'. मिक्सर बिघडो, मोटर पाणी न ओढो, आबा येणार, स्टेथोस्कोप लावणार आणि सांगणार, "निदान पक्कं." आमची स्कूटर एकदा चालू होईना. आबांनी तिच्या टाकीला कान लावला. "पोटात वायू धरलाय," म्हणाले आणि पेट्रोलचं झाकण उघडून पुन्हा बंद केलं. स्कूटर पहिल्या किकला चालू झाली. मी शाळेत भूगोल शिकवते, विज्ञानाच्या बाईंना हे विचारलंही. त्यांनाही सांगता आलं नाही.

फक्त पाळीव प्राण्यांचं नाव काढलं की आबांचा चेहरा आंबट व्हायचा. "दूध नाही, ओझं नाही, शेण नाही. कुत्र्यामांजरांची डॉक्टरकी म्हणजे बाहुल्यांचा दवाखाना," असं त्यांचं मत होतं, आणि ते न विचारता मिळायचं.

आता आमच्या घरात ससा होता. तो माझ्या सासूबाईंचा. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांची भाची पुण्याला जाताना पांढरा ससा अक्कांच्या ओटीत ठेवून गेली होती. अक्कांनी त्याचं नाव ठेवलं कापूस. कापूस अक्कांच्या हातून बिस्किट खायचा, भाकरी खायचा, वरणभातसुद्धा खायचा. गवत सोडून सगळं.

एक दिवस मी शाळेत असताना अक्कांनी आबांना फोन लावला. तो संवाद मला नंतर दोघांनी वेगवेगळा सांगितला, पण सार असं, अक्कांच्या अहिराणीसकट.

"आबा, मना कापूसले गाठ व्हयनी."

"कुठे आली?"

"गालवर."

आबा म्हणाले, "अक्का, हे कृषी अधिकाऱ्याला विचारा. बोंडाचं मला कळत नाही."

"बोंड नई हो आबा. गाल. तो दोन रोज पासून काही खात नई."

कपाशी खात नाही म्हणजे काय, या विचाराने आबा इतके गोंधळले की चप्पल न घालताच आमच्याकडे आले. मी घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कापूस, हातात बॅटरी. कापसाच्या खालच्या जबड्यावर डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. हनुवटी लाळेने ओली झालेली. अक्का बाजूला हात जोडून उभ्या होत्या.

सवयीने आबांनी ओठ वर केला आणि थांबले. पुन्हा बघितलं. मला जवळ बोलावलं. "बाई, तुम्ही बघा. वरच्या दोन दातांमागे आणखी दोन बारीक दात आहेत, की मला दोन दिसतायत?"

मी बघितलं. होते.

"दातामागे दात," आबा स्वतःशीच म्हणाले. "आणि झीज कुठे दिसत नाही. याचं वय किती?"

"तीन वर्षं असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे? दातावरून काहीच कळत नाही याचं." एवढे अस्वस्थ झालेले आबा मी आधी कधी पाहिले नव्हते. दाढा बघायला त्यांनी बॅटरी आत धरली, तर सशाचं तोंड एवढंसं उघडतं. आत नुसता अंधार. शेवटी म्हणाले, "गळू आहे. पू काढू, धुऊ, गोळी देऊ." पण 'निदान पक्कं' म्हणाले नाहीत. मला ते जाणवलं.

त्यांनी केस बाजूला करून सुई घातली, पिचकारी ओढली. काही आलं नाही. पुन्हा जागा बदलून घातली. काहीच नाही. बैलाच्या गळूतून वाटीभर पू येतो म्हणे. आबांनी सुई उजेडाकडे धरून पाहिली, गाठ बोटाने दाबून पाहिली, मग सशाकडे असे बघत राहिले की जणू त्याचंच काही सांगायचं राहिलं आहे.

"पू नाही, म्हणजे गळू नाही," ते म्हणाले. "गळू नाही तर मग... बाई, मला कळत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. बहुधा तेही.

तरी उपचार काहीतरी करायचा म्हणून त्यांनी चिठ्ठीवर एक पातळ औषध लिहिलं. लहान मुलांना देतात ते, तोंडाने. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलं. आबांनी बाटली हलवली, ड्रॉपर भरला, सशाच्या तोंडाशी नेला आणि हात मागे घेतला. दोनदा असं केलं. मग ड्रॉपर ओट्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि खिशातून फोन काढला.

"धुळ्याला माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे," ते म्हणाले. "वळवी. ती बाहुल्यांचा दवाखाना चालवते." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

डॉक्टर वळवींचा आवाज स्पीकरवर आला. आबांनी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सर, औषध दिलंत का तोंडाने?"

"देणार होतो."

"देऊ नका. सशाचं पोट त्याच्या आतल्या जंतूंवर चालतं. हे औषध तोंडावाटे गेलं की ते मरतात, मागोमाग ससाही जातो. आणि सर, सशाचा पू पातळ नसतो. खव्यासारखा घट्ट असतो. सुईतून येत नाही. दाढेच्या मुळाशी असणार. उद्या घेऊन या."

आबांनी फोन ठेवला. ड्रॉपरमधलं औषध त्यांनी नळाखाली ओतलं, ड्रॉपर धुतला, पुन्हा धुतला. मग अक्कांसमोर येऊन उभे राहिले. "अक्का, मी आत्ता तुमचं जनावर मारलं असतं."

अक्कांना यातलं काय समजलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "चहा ल्या आबा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी आबांनी येऊन हुकूम सोडला की भूल द्यायची आहे, ससा उपाशी हवा. अक्कांनी वाटीतली कोथिंबीर काढून घेतली. दहा मिनिटांनी आबा परत आले. "खाईल तेवढं खायला घाला. तिला विचारलं. सशाला उलटी होत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नाही, उलट उपाशी राहिला तरच धोका." मग खिशातली डायरी काढून उभ्याउभ्याच ते लिहून घेतलं. शाळेतली हुशार मुलं लिहितात तसं, खाली रेघ मारून.

आम्ही एसटीने निघालो. टोपली आबांच्या मांडीवर, वर ओला पंचा. एरंडोलच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "टोपलीत काय आहे?"

"पेशंट," आबा म्हणाले.

कंडक्टरने पंचा उचलून आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत आबा दर थोड्या वेळाने टोपलीत हात घालून कापसाच्या छातीला लावत होते. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "ठोके मोजतो. पण फार भरभर आहेत, मोजता येत नाहीत."

देवपूरला डॉक्टर वळवींचा दवाखाना लहानसा होता. त्या पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या. त्या हसल्या तरी आबांनी त्यांच्या दातांकडे बघितलं नाही. खाली टोपलीकडेच बघत राहिले. एक्स-रे काढला. त्यांनी तो काचेवर लावून दाखवला. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून झिजतात. याला गवतच नाही, त्यामुळे दाढ झिजली नाही; वर वाढायला जागा नाही म्हणून मूळ खाली जबड्यात घुसलं होतं, आणि तिथेच गळू धरलं होतं. "बिस्किटं खातो का?" त्यांनी विचारलं. मी अक्कांच्या वतीने मान खाली घातली.

ऑपरेशन तासाच्या वर चाललं. आबा आत गेले, बॅटरी धरायला. मी बाहेर बाकावर. मध्येच डॉक्टरांचा आवाज यायचा, "सर, थोडं डावीकडे," आणि आबांचा, "बरं." बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "गळूची पिशवी अख्खी काढली, दाढ काढली," म्हणाले. "जखम शिवली नाही, कडा टाचून उघडी ठेवली. रोज आतून धुवायची. आतून भरत येईल." जरा थांबून म्हणाले, "मला हे जमलं नसतं."

निघताना डॉक्टर मला म्हणाल्या, "मी चोपड्याला पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा सर म्हणाले होते, या मनगटांनी अडलेल्या म्हशीचं पारडू ओढणार का? आठ दिवसांनी ओढलं. तर अहवालात लिहिलं, 'मनगट बारीक, डोकं ठीक.' तो कागद अजून आहे माझ्याकडे." मग इंजेक्शनं दिली आणि बजावलं, "जखमेपेक्षा खाण्याकडे लक्ष द्या. खाल्लं नाही तर हा वाचणार नाही. दर तीन तासांनी पिचकारीने गवताचा लगदा भरवा."

आणि कापूस खाईना. मी लगदा केला, पिचकारी भरली, त्याने मान झटकली आणि सगळं त्याच्या छातीवर सांडलं. नवरा भुसावळहून ड्यूटी करून आला, त्याने प्रयत्न केला, त्याच्या बोटाला चावा. अक्का तर पदर तोंडाला लावून दुसऱ्या खोलीत. मग आबांनी टॉवेल मागितला.

त्यांनी कापसाला मांडीवर घेतलं, डोकं मोकळं ठेवलं. पिचकारी समोरून नाही, तोंडाच्या कडेने, ठेवली न ठेवली अशी. थेंबभर दाबलं आणि थांबले. गळ्याकडे बघत थांबले. गिळल्याचं दिसलं तेव्हा दुसरा थेंब. घाई नाही, बोलणं नाही. एक पिचकारी संपायला वीस मिनिटं लागली. हनुवटीला लागलेलं ते करंगळीने पुसत होते. जबडे उघडणाऱ्या माणसाचे हे हात नव्हते.

मी म्हटलं, "गुरांना औषध पाजून सवय असेल."

"नाही," आबा म्हणाले. "गुरांना मान वर करून बांबूच्या नाळीने ओततात. हे वेगळं." पुढचा थेंब गेला. "आमच्या हिचा जबडा उघडत नव्हता शेवटी. सात महिने."

मी आबांच्या पत्नीला पाहिलेलं नव्हतं. आम्ही इथे येण्याआधीच त्या गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल आबा पहिल्यांदा बोलले आणि एवढंच बोलले. मी रिकामी पिचकारी घेतली आणि भरून आणली.

आबा दिवसातून पाच वेळा यायचे. जखम धुवायचे, इंजेक्शन द्यायचे, भरवायचे, डायरीत लिहायचे. सहाव्या दिवशी कापसाने स्वतःहून गवताची काडी तोंडात धरली. अक्कांनी देवापुढे साखर ठेवली. महिना उलटता जखम भरली, वर पांढरी लव आली. डॉक्टर वळवींनी फोनवर फोटो पाहून सांगितलं, आता काही करायचं नाही, फक्त गवत.

आबा तरी येतच राहिले. गवताची जुडी घेऊन, बरोबर दुपारी बाराच्या सुमाराला. कापूस खात असेपर्यंत शेजारी पाटावर बसायचे. एका रविवारी मी घरी होते, तेव्हा मी म्हटलं, "आबा, आता तो खातो की आपला आपण."

"खातो," आबा म्हणाले. "पण एकटं जनावर कमी खातं."

अक्का चुलीपाशी बसल्यासारख्या गॅसपाशी वाकून भाकरी थापत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "आबा, तुम्ही कव्हय जेवतस?"

"मी? करतो काहीतरी." आबांनी घड्याळाकडे बघितलं, जणू तिथे उत्तर असेल.

अक्कांनी भाकरी तव्यावरून उतरवली. ताट वाढलं आणि पाटासमोर ठेवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांदा. आबा ताटाकडे बघत राहिले, मग हात धुऊन आले. त्यांना जेवायला पाऊण तास लागला. दोन भाकरी खाल्ल्या. कापूस गवत चावत होता तेवढाच आवाज.

दाराशी चप्पल घालताना आबा म्हणाले, "उद्या येतो जखम बघायला."

जखम भरून तीन आठवडे झाले होते. मी काही बोलणार होते, अक्कांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"या," त्या आबांना म्हणाल्या. "बारा वाजताच या. भाकर गरम राहस."