वासनिककाकांचा बर्फ

“डावीकडं पाहू नको, खोल दरी हाय!”

मी खिडकीतून वाकून पाहिलं. डावीकडे आमचं स्वयंपाकघर होतं. शेजारचे वासनिककाका क्वार्टरसमोरच्या बंद गाडीत माकडटोपी घालून बसले होते आणि रिकाम्या सीटला धीर देत होते. गाडीच्या टपावर काकूंच्या वड्या वाळत होत्या.

काकांचा सगळा जन्म जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला. तिथे आधी मॉक ड्रिल, मग काम. त्यामुळे जानेवारीत गाडीने हिमाचलात, स्पितीला बर्फात जायचं, तर त्याचीही दर रविवारी मॉक ड्रिल. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधतात, त्याचा सराव त्यांनी बैलांच्या साखळ्यांवर केला. बर्फ तेवढा मिळेना. मग तुमसरला एका राईस मिलमागे धानाच्या कोंड्याचा डोंगर दिसला आणि काकांनी त्यावर गाडी घातली. चाकं फिरत राहिली, गाडी खाली खाली गेली. ट्रॅक्टरने ओढून काढली, तेव्हा काकांच्या भुवयांतही कोंडा होता.

“हिमवादळात माणूस असाच दिसते,” ते खुशीत म्हणाले. “पहाड म्हंजे पहाड असते!”

अडचण एकच होती, काकूंची अट. “दुसरा चालवणारा असन तरच मी बसीन. तुमचे डोळे दुपारीच मिटतेत.” आणि काकूंशिवाय काका भंडाऱ्याच्या बाजारातही जात नाहीत.

दर दिवाळीत कुणीतरी छातीवर हात ठेवून ‘येतो’ म्हणायचं. डिसेंबर आला की त्याच्या साळ्याचं लग्न निघायचं, नाहीतर धान मळायचं राहायचं. यंदा कारखान्यातले मुनघाटेकाका पक्के होते. काल त्यांचाही नकाराचा फोन आला.

त्याच संध्याकाळी काका आमच्याकडे येऊन बसले. टोपी नव्हती, त्यामुळे ते एकदम म्हातारे दिसत होते.

“पुढच्या वर्षी जा ना,” बाबा म्हणाले.

“पुढच्या वर्षी तिचा गुडघा गाडीत मुडपते का नाही, डॉक्टरलेच माहीत नाही.” काका खाली बघत बोलले. “तिनं बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिला, साहेब. नाहीतर मले कायले पायजे पहाड? मले तं पंख्यानंही सर्दी होते.”

बाबा हसले नाहीत. मी चहा ठेवला. काकांशी मी तोवर ‘हो’ आणि ‘नाही’पलीकडे बोलले नव्हते. आत जायला वळले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“काका,” मी म्हणाले, “मला गाडी चालवता येते.”