व्याह्यांचं रिकामं ताट

धम्मप्रियानं सासऱ्यांना, रामोनना, स्पेनहून विष्णुपुरीला आणलं आणि दुसऱ्याच दिवशी बापाच्या, ज्ञानोबांच्या, हवाली करून ती नवऱ्यासोबत नांदेडच्या बाजाराला निघाली. जाताना तिनं त्यांना थोडी स्पॅनिश शिकवली.

“घड्याळातला टाइम म्हणजे ओरा. एक टाइम, दोन टाइम म्हणतो ना आपण, तो बेथ. निवांत टाइम असला की त्येंपो. हवामानाला पण त्येंपोच म्हणतात.”

“एका टाइमाला लईच लेकरं की.”

“आपल्यात काय कमी हायेत, बाबा? वेळ हाय, वेळा हाय, काळ हाय. तुम्ही नुसतं ओत्रा बेथ ध्यानात ठेवा. म्हणजे आणखी एकदा. जेवताना लागंल.”

ज्ञानोबा शब्द घोळवत राहिले. बायको, सरजाबाई, गेल्यानंतरच्या टाइमाला कोणता शब्द, हे विचारायचं राहूनच गेलं. तो घड्याळात दिसत नव्हता. हवेसारखा घरात भरून होता.

पण आज पाहुणा होता. सरजाबाईच्या माघारी घरात पहिलंच असं जेवण. ती असती तर व्याह्यांना उठवेना इतकं तिनं वाढलं असतं. तिच्या हातचं नाव जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. ओल्या फडक्यावर धपाटे थापले, दही वाढलं.

रामोननी ताट पुसून रिकामं केलं. त्यांच्याकडे पानात टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान. ज्ञानोबांकडे पोट भरलं की माणूस ताटावर हात आडवा धरतो. रिकामं ताट म्हणजे भूक.

“ओत्रा बेथ?”

रामोननी एकदा धपाट्याकडे, एकदा ज्ञानोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. ताट पुन्हा रिकामं झालं. मग पुन्हा. पीठ दुसऱ्यांदा संपलं तसे ज्ञानोबा मागच्या दारानं पुन्हा शेजारी गेले.

“व्यंकटी, पीठ दे बरं थोडं.”

“आत्ताच नेलं की. पाहुणा हाय का वरात?”

“ताट पुसून राहिलाय गड्या.”

“तिकडून उपाशीच धाडला का काय त्याला?”

परत आले तर रामोननी पट्टा सैल केला होता. कपाळ पुसत, दाराबाहेरच्या उन्हाकडे बोट करून ते म्हणाले, “त्येंपो.” हवेबद्दल म्हणाले की निवांत वेळ आहे म्हणाले, ज्ञानोबांना कळेना. ताट रिकामं आहे, तेवढं कळलं.

तवा तापत होता. दुपार जड झाली होती. डोळा लागल्यासारखा झाला आणि सरजाबाई उंबऱ्यात उभी दिसली. “वाढा की, बघून काय राहिलात?” ज्ञानोबांनी वाढलं.

शेवटचा एक धपाटा राहिला. रामोननी तो उचलून ज्ञानोबांपुढे ठेवला आणि बसा, खा, अशी खूण केली. ज्ञानोबा सकाळपासून उपाशी होते. पण पहिल्या विचारण्याला हो म्हणायची रीत नाही.

“न्हाई, न्हाई,” ते म्हणाले आणि आग्रहाची वाट बघत बसले.

रामोननी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. मोठा उसासा टाकून धपाटा परत घेतला आणि हळूहळू, डोळे मिटून संपवला. मग भिंतीला टेकून तिथंच घोरायला लागले.

संध्याकाळी धम्मप्रिया आली. “बाबा, जेवलात का?”

“इवाई जेवले. माझं काय, भूकच न्हाई.”

सरजाबाईची लेक ती. तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशव्या ठेवल्या, पिठाचा रिकामा डबा पाहिला, तवा गॅसवर चढवला आणि परात घेऊन व्यंकटीच्या दाराकडे निघाली.